नागपंचमीचं पागोटं

॥ श्री ॥
वारूळवाडी, ता. जुन्नर
१२ जानेवारी २०२५

चि. तेजस्विनी हिस,
आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं नवीन वर्षाचं कार्ड काल पोचलं. पोस्टमन दारातूनच ओरडला, की आबा, जपानवरनं नागोबा आलाय. बघतो तर खरंच साप. वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्या माणसाला साप पाठवायचा ही कुठली रीत, मला काही कळेना. दुपारचं जेवण गेलं नाही. मग तळाशी तुझं बारीक अक्षर दिसलं, की तिकडे दर वर्षाला एक जनावर असतं आणि यंदा पाळी सापाची आहे. असं मोठ्या अक्षरात लिहावं बाई. माझं शिक्षण सातवी नापास आणि चष्मा तीन वर्षांचा जुना.

फोन करत जा म्हणतेस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेल्या निम्म्याची काळजी लागते. तुझ्या आजीला त्या काचेत तुझं तोंड हललेलं दिसलं की भीती वाटते. मागच्या वेळी तिने फोन पदराखाली झाकला, आणि पोरगी गुदमरंल म्हणून लगेच उघडला. त्यापेक्षा पत्र बरं. पत्र चार वेळा वाचता येतं.

आता तुझ्या बापाने तुला सांगितलं नसेल ते लिहितो. डिसेंबरात साळू, तुझी आजी, घरातून निघून गेली. मी गोठ्यात होतो. दीड तास सापडली नाही. कुंडलिकची सून आरती शेजारी आहे म्हणून निभावलं, तिनेच मोटरसायकलवाल्या पोरांना पिटाळलं. नारायणगावच्या एसटी स्टँडवर बसलेली मिळाली, अनवाणी. मला बघून म्हणाली, की पावणं, आंबेगावची गाडी कधी लागंल. मी तिचा नवरा, लग्नाला एकोणसाठ वर्षं झाली, आणि मी पावणा.

तुझा बाप भगवंत दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. म्हणाला, की आबा, तुमचं वय एक्क्याऐंशी, तुम्हीच पडलात तर कोण बघणार. पुण्यात अशा माणसांसाठी एक घर आहे, तिथे ठेवू. मी म्हणालो, की तिला मी न्हाऊ घालतो, मी जेवू घालतो, वेणीसुद्धा मी घालतो, दुसऱ्याच्या हाताने ती जेवायची नाही. शेवटी एवढं ठरलं, की दिवाळीपर्यंत ती जर मला ओळखायला लागली तर राहील, नाहीतर जाईल.

तू तिकडे म्हाताऱ्यांच्याच घरात कामाला आहेस. असल्यांचं तुम्ही काय करता? ओळख परत येते का? खरं असेल ते लिही, पण येते असं लिही.

परवा संक्रांत. तीळ चांगला मिळाला नाही. अंगावर गरम घालत जा, भूकंप झाला तर बाहेर पळ. इथली काळजी करू नकोस, ती करायला मी बसलोच आहे.

तुझा
आबा


नागानो, जपान
५ मार्च २०२५

ती. आबा यांस,
तेजूचा सा. न. वि. वि.

हे घ्या मोठं अक्षर. साप शुभ असतो इथे, म्हणून पाठवला होता. पुढच्या वर्षी घोडा येईल, तोवर जेवून घेत जा.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर सरळ द्यायला मला जमत नाही, म्हणून इथे काय होतं ते सांगते. आमच्याकडे कियो आजी म्हणून एक आहेत, एक्क्याण्णव वर्षांच्या. स्वतःच्या मुलीला त्या ओळखत नाहीत. दिवस कुठला, महिना कुठला, काही नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे थंडी सरायचा सण असतो. घरातल्या कुणी राक्षसाचा मुखवटा घालायचा आणि बाकीच्यांनी भाजलेलं सोयाबीन त्याच्या अंगावर फेकायचं, राक्षस बाहेर, भाग्य आत, असं ओरडत. दाणे म्हाताऱ्यांच्या घशात अडकतात म्हणून आम्ही वर्तमानपत्राचे गोळे देतो. मुखवटा मला दिला होता. तर महिनाभर तोंडातून शब्द न काढलेल्या कियो आजी खुर्चीतून उठल्या आणि असा नेम धरून मारला की माझा चष्मा पडला. वर ओरडल्या, सगळ्यांत मोठ्याने. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, की भिंतीवरच्या कॅलेंडरने काही होत नाही. सण डोक्यात नसतो, हातात असतो, नाकात असतो, आणि तो शेवटपर्यंत राहतो.

म्हणून इथे वर्षभर सण चालतात. परवा मुलींचा सण झाला. लाल कापडाच्या सात पायऱ्या, वर राजा-राणीच्या बाहुल्या. सण सरला की बाहुल्या लगेच आवरायच्या, नाहीतर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं म्हणतात. आवरायचं काम माझ्याकडे होतं आणि दोन दिवस मला वेळच झाला नाही. आज आवरल्या. सगळ्या म्हाताऱ्या मला चिडवत होत्या.

आबा, तुम्हीही करून बघा. आजीला मी कोण, मी कोण असं विचारू नका, त्याने ती बावरते. सण करा. जुनी भांडी काढा, जुनी गाणी म्हणा, तिच्या हाताला काम द्या. आणि बघा काय होतं.

माझ्या वाटची एक पापी आजीला द्या, लाजलात तर आरतीवहिनीला सांगा. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढवावा.

तुमची
तेजू


वारूळवाडी
२ एप्रिल २०२५

चि. तेजस्विनी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पहिली गोष्ट, त्या बाहुल्या. दोन दिवस! परक्या देशाच्या देवाशी असं खेळू नये. लेण्याद्रीला जाऊन पायऱ्यांपाशी नारळ ठेवून आलो. वर चढवत नाही आता.

दुसरी गोष्ट, तुझं औषध लागू पडलं. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

होळीला तिला ओट्यावर बसवली. होळी पेटली, पोरांनी बोंब ठोकली, आणि तुझी आजी, जिने साऱ्या जन्मात सासऱ्यापुढे कधी मान वर केली नाही, तिने हात तोंडावर नेला आणि अशी खणखणीत बोंब मारली की कुंडलिक हातातला नारळ टाकून पळत आला. मला म्हणाला, की हौशा, साठ वर्षांची कोंडलेली दिसती रे, तुझ्या नावानं हाय ही. सगळी आळी हसली. तीही हसली. तिचे दात मी किती दिवसांनी बघितले.

पाडव्याला मी गुढीचं सगळं तिच्यापुढे मांडलं. विचारलं काही नाही, तू सांगितलंस तसं. तिने कडुलिंबाचा डहाळा कापडाला बरोबर बांधला. मग साखरेची गाठी हातात घेऊन इकडे तिकडे बघितलं आणि मला म्हणाली, की अवो, ही वर ठेवा, भगवंता पूजेआधीच खातोय. अवो म्हणाली. मला. मी गाठी फळीवर ठेवली आणि मागच्या दाराला जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी भगवंताला फोन केला. तो म्हणाला, की आबा, ती सहा वर्षांच्या भगवंताबद्दल बोलली, मी त्रेपन्न वर्षांचा आहे, याला ओळखणं म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मला पावणं म्हणाली, हे खरं आहे. पण एक दिवस मिळाला ना? सण काय कमी आहेत आपल्याकडे? मी पंचांग घेऊन बसलोय. मधल्या रिकाम्या महिन्यांचं काय करायचं, तेवढं कळव.

तिकडे झाडांना फुलं येतात आणि लोक खाली चटया टाकून जेवतात म्हणे, आरतीने फोनमध्ये दाखवलं. खाली मुंग्या असतील, बघून बस. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
आबा


नागानो
८ जुलै २०२५

ती. आबा यांस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नका. फुलांचे दिवस आले तसे गेले. मे महिन्यात मुलांच्या सणाला कापडी मासे दोरीवर वाऱ्यात पोहत होते. मग आमच्याकडची दोन माणसं आजारी पडली आणि सगळ्यांच्या पाळ्या दुप्पट झाल्या.

काल ताऱ्यांचा सण होता. आकाशात एक विणकरीण आणि एक गुराखी, नवराबायकोच, नदीच्या दोन काठांना तोडून ठेवलेले. वर्षातून एकदा भेटतात. पाऊस असला तर तेही नाही. या दिवशी रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर आपली इच्छा लिहून बांबूला बांधतात. मी आजीसाठी लिहिली, मराठीत. कियो आजींना लिहिता येत नाही म्हणून मी विचारून लिहिलं. त्या म्हणाल्या, की घरी जायचंय. तेवढंच. तशीच पट्टी बांधली. त्या मला हल्ली सेत्सुको म्हणतात. सेत्सुको त्यांची धाकटी बहीण होती. मी हो म्हणते. सेत्सुको झाले की त्या मुकाट्याने औषध घेतात.

अक्षय्य तृतीयेला आणि वटपौर्णिमेला काहीच झालं नाही असं तुम्ही मेच्या आणि जूनच्या पत्रांत लिहिलंत. धीर सोडू नका. मला वाटतं आपण तिच्या आवडीचा सण अजून केलाच नाही. नागपंचमी! ती मला लहानपणी सारखं झोक्याचं सांगायची. तोच मोठा करा. ट्रंक उघडा आबा, तिच्या लग्नातली, तिच्या सासरच्या पहिल्या वर्षांतली काय असतील ती भांडी, कपडे, सगळं बाहेर काढा. जितकं जुनं तितकं चांगलं.

घाईत आहे, पाळी सुरू होतेय. जीव लावलाय तो काढून घेऊ नका.

तेजू


वारूळवाडी
३ ऑगस्ट २०२५

चि. तेजस्विनी हिस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फाडली. तुला आनंदाची बातमी द्यावी का दुसरी, हेच ठरेना.

तुझं पत्र चोवीस तारखेला पोचलं. पाच दिवस होते. आरतीला हाताशी घेतलं. कवठाच्या झाडाला दोर टाकून ठेंगणा झोका बांधला, पाय जमिनीला टेकतील असा. ज्वारीच्या लाह्या केल्या. पुरणाची दिंडं आरतीने उकडली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, सगळं पाळलं. साळूच्या लग्नातला हिरवा इरकल ट्रंकेत निघाला, घड्यांवर विरलाय पण निघाला. आणि त्याच्याच खाली माझ्या वडिलांचं पागोटं आणि काळं जाकीट.

आता तू लिहिलं होतंस जितकं जुनं तितकं चांगलं. मी विचार केला, की सगळं घर जुनं करायचं आणि मधे मी एकटा टेरीकॉटचा सदरा घालून कशाला उभा राहू. ते जाकीट घातलं. पागोटं डोक्यावर ठेवलं, बांधलेलंच होतं. कुंडलिक म्हणाला, की आरशात बघू नको हौशा, तुझा बाप दिसंल आन् तुला चाबकानं फोडंल. मी हसलो. आम्ही दोघंही हसलो.

आरतीने तिला नेसवून बाहेर आणली. झोका बघून ती थांबली. मग एकदम पोरीसारखी चालत गेली आणि बसली. आरती हळू झोका देत होती आणि साळू गात होती, तेजू. एक कडवं नाही, सबंध गाणं, एकही शब्द न चुकता. आळीतल्या चार बाया गोळा झाल्या. मी खांबाआड होतो. मला राहवेना. मी पुढे झालो.

तिने मला बघितलं आणि गाणं थांबलं. झोक्यावरून उतरली. पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढला. पुढे येऊन वाकून माझ्या पायाला हात लावला आणि खाली बघूनच म्हणाली, की मामंजी, चुकलं माझं, झाडून झाल्यावर बसले व्हते झोक्यावर, सासूबाईंना इचारून बसले व्हते.

पहिल्या क्षणी मला आनंदच झाला, हे तुझ्यापाशी कबूल करतो. ती सात महिन्यांत एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. कुणाला तरी ओळखलं होतं. मी म्हणालो, की बस बस, सणाचा दिवस आहे. वडिलांचा आवाज माझ्या तोंडून कसा निघाला मला माहीत नाही.

मग ती म्हणाली, की उद्या भाऊ न्यायला येईल, चवतीचा त्याचा उपास मी धरला व्हता, मला माहेरी जाऊ द्याल का. मी हो म्हणालो. सणाच्या दिवशी नाही कसं म्हणणार.

तेव्हापासून पाच दिवस झाले. गाठोडं घेऊन ती रोज ओट्यावर बसते. भाऊ जाऊन बावीस वर्षं झाली. आणि माहेर डिंभ्याच्या धरणात आहे, सगळं जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं, हे तुला माहीत आहे. तिला कुठे नेऊ?

पण हेही चाललं असतं. खरी गोष्ट पुढे आहे. ती आता माझ्या हातचं जेवत नाही. सासऱ्याने सुनेला घास भरवायचा असतो का? मी खोलीत गेलो की ती उठून भिंतीकडे तोंड करते. वेणी घालायला फणी घेतली तर डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी आवळून धरते. न्हाऊ घालायला आरती येते. मी बाहेर बसतो. पागोटं, जाकीट सगळं त्याच रात्री काढून ठेवलंय. उपयोग नाही. तिला आता माझ्या तोंडावरच माझा बाप दिसतो.

काय करू ते लवकर लिही. आम्हा दोघांना मनातून उतरवू नकोस.

आबा


नागानो
१९ ऑगस्ट २०२५

ती. आबा यांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी पप्पांना फोन केला आणि त्यांनी तुम्हाला निरोप दिला असेल, तरी मला लिहायचंच आहे. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, की जुन्या वस्तू म्हाताऱ्यांच्या हातात द्यायच्या, आपण त्या अंगावर घालायच्या नाहीत. आमच्याकडे राक्षसाचा मुखवटा कामावरची मुलगी घालते, म्हाताऱ्यांच्या नात्यातलं माणूस कधीच घालत नाही, याला कारण आहे. हे मला शिकवलं होतं आबा. शिकवलेल्या वहीत आहे. मी तुम्हाला लिहायला विसरले. घाईत होते.

त्या म्हणतात, की रोज तोच सदरा घाला, तीच टोपी घाला, रोज त्याच वेळी समोरून या आणि पहिल्यांदा आपलं नाव सांगा. होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. करून बघा म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात इथे पितरांचे दिवस होते. दाराशी काड्यांचा जाळ करतात, म्हणजे मेलेल्यांना घर सापडावं. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, येताना लवकर यावं म्हणून. आणि वांग्याचा बैल, जाताना सावकाश जावं म्हणून. तीन दिवसांनी नदीत कागदी दिवे सोडून त्यांना परत पाठवतात. दिवे सोडायला मी गेले होते. सगळ्यांबरोबर हात जोडले. आजीचे भाऊ, तुमचे वडील, मला दुसरं कुणी आठवेना.

मी आठ तास सेत्सुको असते आबा. मग कपडे बदलते, सायकल घेते आणि तेजस्विनी होऊन खोलीवर येते. तुम्हाला परत यायला खोली ठेवली नाही मी. रोज दुसऱ्याच्या आजीचे केस धुते आणि काल हात चालेना.

मला रागवा. पण पत्र पाठवा.

तुमची
तेजू


वारूळवाडी
६ सप्टेंबर २०२५

चि. तेजस्विनी हिस, आशीर्वाद.

तुला कशाला रागवू. पागोटं डोक्यावर मी ठेवलं.

भगवंताने फोनवर तुझा निरोप सांगितला तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता पांढरी टोपी घालून समोर जातो. म्हणतो, की साळू, मी हौशीराम. ती पदर पुढे घेते आणि म्हणते, की ते शेतावर गेल्यात मामंजी. रोज हेच. आज एकविसावा दिवस.

गौरी आल्या आणि गेल्या. आरतीने बसवल्या. साळूने काही बघितलं नाही, तिचं लक्ष रस्त्यावर. आता सण करायचे नाहीत असं ठरवलंय. तू पण लिहू नकोस तिकडचे सण, मला वाचवत नाहीत. बाकी काय जेवतेस, थंडी कधी सुरू होते, ते लिही. तुझ्या खुशालीवर आमचा दिवस जातो.

आबा


वारूळवाडी
१२ नोव्हेंबर २०२५

चि. तेजस्विनी हिस,
आबाचे आशीर्वाद. वि. वि.

कोजागरीच्या दिवशी तिकडेही लोक चंद्र बघत बसतात आणि त्याच्यापुढे तांदळाचे लाडू ठेवतात, हे तू मी नको म्हटलेलं असूनही लिहिलंस. बरं केलंस. वाचलं मी. डिसेंबरच्या शेवटी तुला सुट्टी मिळणार आहे हेही वाचलं. ये. पण कशासाठी येतेस ते समजून ये, म्हणून हे सगळं लिहितो.

दिवाळीपर्यंतचा करार होता, तो भगवंत विसरला नव्हता. मीही नाही. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. आरतीने तबक तयार करून तिच्या हातात दिलं, माझ्या समोर पाट मांडला. मी बसलो. साळू दारातच उभी राहिली. आरतीच्या कानात म्हणाली, की अगं, ते मामंजी हायेत, येडी का खुळी. आणि दोघी हसल्या. आरतीला हसावंच लागलं. मी पाटावरून उठलो. तिथेच निकाल लागला. भगवंताला काही बोलावं लागलं नाही.

भाऊबीजेला सकाळी तो गाडी घेऊन आला. आता गंमत बघ. त्याला ती ओळखत नाही, परक्या पुरुषाच्या गाडीत ती बसेना. त्याने आई आई केलं, हाताला धरलं. ती ओरडायला लागली. आरतीने समजावलं, शेजारच्या बायांनी समजावलं. खांबाला मिठी मारून बसली. भगवंत घामाघूम झाला. डोळे पुसत मला म्हणाला, की आबा, तुम्ही सांगा, ती तुमचं ऐकेल.

तो चुकीचं म्हणाला नाही. माझं नाही, पण मामंजींचं ऐकेल.

मी पुढे झालो. म्हणालो, की सूनबाई, आज भाऊबीज आहे. हा तुझ्या भावाने धाडलेला माणूस आहे. माझी परवानगी आहे, जा.

तिने लगेच खांब सोडला. एवढ्या घाईने आत गेली आणि गाठोडं घेऊन आली, की आरतीला तिच्या पायात चप्पल सरकवायला पळावं लागलं. माझ्या पाया पडली. उठताना पदराच्या आडून म्हणाली, की मामंजी, एक इचारू का. मी विचार म्हणालो. ती म्हणाली, की मला न्यायला त्यास्नी लवकर पाठवू नका.

मी विचारलं का म्हणून. विचारायला नको होतं. तिने नुसती मान हलवली. मग गाडीत जाऊन बसली. गाडी आळीच्या टोकाला वळेपर्यंत तिने मागे बघितलं नाही, बाहेर बघत होती, खुशीत.

तेव्हापासून माझं डोकं त्याच एका गोष्टीवर आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मी काय केलं असेल? हात उगारल्याचं मला आठवत नाही. रागीट होतो. तिला जुन्नरच्या बाजाराला कधी नेलं नाही. एकदा ती माहेरी असताना पेरणी अडली म्हणून चौथ्याच दिवशी आणायला गेलो होतो, तिच्या आईने पुरण घातलं होतं ते उकळत राहिलं आणि मी तिला घेऊन निघालो. ते असेल. का कुठलीही नवी पोर म्हणते तसं म्हणाली असेल. कुंडलिक म्हणतो, की अरे पोरीची जात माहेरी जाताना असंच बोलती, तू कशाला उगाळतो राव. असेलही. एकोणसाठ वर्षं मला कधीही विचारता आलं असतं आणि आता विचारायला माणूस नाही. जे आहे ते मामंजींशी बोलतं, माझ्याशी बोलत नाही.

तुझ्या बापावर डूख धरू नकोस. जागा चांगली आहे. स्वच्छ आहे. ती दोन वेळा जेवते, सकाळी अंघोळीला कटकट करत नाही, तिथल्या बायांशी गप्पा मारते. तिला वाटतं ती माहेरी आहे. फोनवर तिथल्या बाई सांगत होत्या, की आजोबा, तुमच्या आजी सगळ्यांत आनंदी आहेत इथे.

मला राहवलं नाही. नऊ तारखेला पहाटेची एसटी धरून पुण्याला गेलो. भगवंताला कळवलं नाही. आरतीने लाडू दिले होते. पांढरी टोपी घातली होती, तोच सदरा. साळू व्हरांड्यात दोघीतिघींबरोबर शेंगा निवडत बसली होती. केस कुणीतरी नीट विंचरले होते, मधला भांग. मी लांबूनच बराच वेळ बघितलं. तेवढ्यावर परतलो असतो तर बरं झालं असतं.

तिने मान वर केली. सूप बाजूला सारून उठली आणि तिथल्या बाईच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्या खांद्याला घट्ट धरून रडायला लागली, की आत्ताच तर आले मी, अजून चार दिस बी झालं न्हाईत, त्यांना सांगा ना, मामंजी न्यायला आल्यात. बाईंनी समजूत घातली, की नेत नाहीत हं कुणी. ती ऐकेना. गाठोडं शोधायला लागली, आणि गाठोडं सापडल्यावर ते पोटाशी धरून जमिनीवर बसली, न्यायला आलेल्या माणसापुढे सून बसते तशी.

मी लाडू टेबलावर ठेवले. मोठ्याने म्हणालो, की सूनबाई, मी न्यायला नाही आलो, हे द्यायला आलो. राहा तू. हवी तेवढी राहा. मग निघालो. बाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, की महिन्यातून एकदा आलात तर सवय होईल त्यांना. मी हो म्हणालो.

जाणार नाही. मी गेलो की तिचं माहेर संपतं. तिने मला बघितलं नाही तरच ती माहेरी आहे, हे मी एसटीत बसून नीट विचार करून ठरवलं.

म्हणून तू आलीस की तू जा. तुला ती मैत्रीण समजेल, बहीण समजेल, काय समजेल ते हो म्हण, तुला सवय आहे. तिच्या शेजारी बस. तिचा हात कसा आहे, थंड असतो का, ते बघ. आणि माझ्याबद्दल, म्हणजे हौशीरामबद्दल, ती आपणहून काही बोलली तर मला सांग. चांगलं असो वाईट असो. तू विचारू नकोस.

येताना विमानात पाय हलवत राहा, रक्त गोठतं म्हणतात. म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा
आबा
हौशीराम